सैनिकाची सेवानोंद आणि सद्वर्तनाची पदके

दुसऱ्या महायुद्धात (१९३९-४५) हिंदी सैन्यात सुमारे पंचवीस लाख जवान स्वेच्छेने दाखल झाले. त्यांत मराठी मुलखातील जवानांचा वाटा मोठा होता. मराठा पलटणी केरेनच्या डोंगरांत, इटलीच्या नदीकाठी व ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर लढल्या. महार रेजिमेंटची उभारणी तर १९४१ साली बेळगावातच झाली. युद्ध संपल्यावर यांतील बहुसंख्य जवान सेवामुक्त होऊन गावी परतले. सोबत त्यांनी काही पदके आणि एक लहानशी पुस्तिका आणली. पदके कुटुंबियांनी जपली, परंतु पुस्तिकेचे महत्त्व अनेकांना उमगले नाही. वस्तुतः पदकाइतकीच किंबहुना त्याहून अधिक मोलाची वस्तू ती पुस्तिकाच होय.

सेवानोंद म्हणजे काय?

जवान भरती होताच त्याला एक क्रमांक मिळतो व त्याच्या नावाची सेवानोंद उघडली जाते. जवान आपल्या भाषेत तिला ‘शीट रोल’ म्हणतात. पित्याचे नाव, गाव, तालुका, जन्मतारीख, अंगावरील खुणा, निकटचा वारस, बढत्या, बदल्या, रणभूमीवरील सेवा, जखमा, पदके व शिक्षा या साऱ्यांची नोंद तीत क्रमाने होत जाते. ही कागदपत्रे त्या त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात राहतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे असे कार्यालय बेळगाव येथे, तर महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे आहे. सेवामुक्तीच्या वेळी या नोंदींचा सारांश जवानाच्या हाती दिला जातो. हेच त्याचे ‘डिस्चार्ज बुक’ होय. त्यात सेवेचा काळ, सेवामुक्तीचे कारण आणि वर्तनाचा शेरा नमूद असतो. ‘आदर्श’, ‘अतिशय चांगले’, ‘चांगले’ अशा चढत्या-उतरत्या श्रेणींत हा शेरा दिला जातो.

पदकांचे तीन प्रकार

घरातील प्रत्येक पदक शौर्याचेच असावे, असा समज सर्रास आढळतो. पदकांचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. पहिला शौर्यपदकांचा. १० जुलै १९४४ रोजी इटलीत नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी पराक्रम केला. या दोघांना मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस रणांगणातील विशिष्ट कृतीबद्दल होता. दुसरा प्रकार युद्धसेवेच्या पदकांचा. बर्मा स्टार, आफ्रिका स्टार वा इटली स्टार त्या त्या आघाडीवरील सेवेबद्दल मिळत असे. युद्धपदक अठ्ठावीस दिवसांच्या पूर्णवेळ सेवेवर, तर इंडिया सर्व्हिस मेडल हिंदुस्थानातील तीन वर्षांच्या सेवेवर मिळे. तिसरा प्रकार सद्वर्तनाच्या पदकांचा.

हिंदी सैन्यासाठी दीर्घसेवा व सद्वर्तन पदक १८८८ साली सुरू झाले. स्वातंत्र्योत्तर काळात त्याच परंपरेतील भारतीय पदके निर्माण झाली. पंधरा वर्षांच्या निष्कलंक सेवेनंतर हवालदाराखालील जवानास दीर्घसेवा व सद्वर्तन पदक, तर अठरा वर्षांनंतर हवालदारास गुणवत्तापूर्ण सेवापदक दिले जाऊ शकते. ‘दिले जाऊ शकते’ असे म्हणण्याचे कारण असे की, केवळ वर्षे भरली म्हणून ते मिळत नाही. सेवानोंद तपासून निवड होते. शौर्यपदक एका क्षणाच्या धैर्याचे, तर हे पदक वर्षानुवर्षे पाळलेल्या शिस्तीचे असते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. १९४० साली भरती होऊन १९४६ साली सेवामुक्त झालेल्या जवानास सद्वर्तन पदक मिळणे शक्यच नव्हते; तेवढी वर्षे त्याने सेवेत काढली नव्हती. म्हणून ‘आजोबांना सद्वर्तनाचे पदक नाही’ यावरून त्यांच्या वर्तनाविषयी शंका घेणे सर्वथा चुकीचे आहे. अशा जवानाच्या वर्तनाचा पुरावा डिस्चार्ज बुकातील शेऱ्यातच शोधला पाहिजे.

लाल शाईची नोंद

सेवेतील गंभीर शिक्षा लाल शाईने व किरकोळ शिक्षा काळ्या शाईने नोंदविण्याची पद्धत आहे. लाल नोंदी वाढल्यास जवानाला घरी पाठविले जाऊ शकते. निवृत्तिवेतनास सामान्यतः पंधरा वर्षांची सेवा लागत असल्याने त्याआधी सेवा संपणे, हा सबंध कुटुंबावर आघात ठरतो. मात्र चार लाल नोंदी झाल्या एवढ्याच कारणावरून सेवामुक्ती आपोआप होऊ शकत नाही. अपराधांचे स्वरूप, सेवेचा काळ व खडतर ठिकाणी बजावलेली कामगिरी यांचा विचार झालाच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिला.

कागद जपण्याची निकड

निवृत्तिवेतन न मिळणाऱ्या जवानांची सेवापत्रे सेवामुक्तीनंतर पंचवीस वर्षांनी नष्ट केली जातात. ‘लाँग रोल’ नावाच्या नोंदवहीतील संक्षिप्त नोंद तेवढी उरते. महायुद्धकालीन जवानांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ही मुदत कधीच उलटून गेली आहे. अर्थात घरातील डिस्चार्ज बुक वाळवीने खाल्ले, तर पूर्वजाच्या सेवेचा सविस्तर पुरावा बहुधा कायमचाच नाहीसा होतो.

सध्याच्या सैनिक कुटुंबांनीही दक्ष राहावे. विवाह, अपत्यजन्म यांची नोंद रेजिमेंटमधील आदेशाने सेवापत्रात वेळीच करून घ्यावी. लग्नानंतर बदललेले पत्नीचे नाव, इंग्रजी अक्षरांत वेगळे पडलेले आडनाव किंवा जन्मतारखेतील तफावत या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टी आहेत; परंतु पतीच्या निधनानंतर कुटुंबनिवृत्तिवेतन मागताना त्यांपायी विधवेला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात.

शिक्षक, ग्रामपंचायतीचे सेवक व तलाठी यांना या कामी पुष्कळ करता येईल. गावातील सैनिक कुटुंबांना डिस्चार्ज बुकाच्या साक्षांकित प्रती काढून मूळ कागद कोरड्या जागी ठेवण्यास सांगावे. पुस्तिका हरवली असल्यास जुन्या पत्रांवर किंवा पदकाच्या कडेवर सैनिक क्रमांक मिळतो का ते पाहावे. सद्वर्तनाच्या पदकावर तो बहुधा कोरलेला असतो. क्रमांक, नाव व पलटण यांसह जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत संबंधित अभिलेख कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. ज्यांनी शिस्तीने सेवा केली, त्यांच्या सेवेचा कागद तितक्याच शिस्तीने जपणे हे आपले कर्तव्य होय.