घरचं नेट (भाग ६): रेंज पूर्ण, पान मात्र उघडत नाही

मागच्या भागात राऊटरवरचे दिवे काय सांगतात ते पाहिलं. आता लॅपटॉपकडे वळू. लातुरात भाड्याच्या खोल्यांत राहून जेईई-नीटची तयारी करणारी मुलं असोत की नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगर भागातली, तक्रार साधारण सारखीच असते. मोबाईलवर वायफाय चालतं, लॅपटॉपवर चालत नाही. किंवा रेंजच्या सगळ्या रेषा भरलेल्या दिसतात आणि सीईटी सेलचं पान मात्र नुसतं फिरत राहतं. अर्ज भरायचा शेवटचा दिवस असला, की राऊटर बंद-चालू, लॅपटॉप बंद-चालू, घरमालकाला हाक, केबलवाल्याला फोन, असं सगळं एकदमच सुरू होतं. तासभराने नेट आलं तरी दोष कुठे होता ते कळत नाही, म्हणून परवा पुन्हा तेच.

आधी एवढं ठरवा, की खोट राऊटरच्या अलीकडे आहे की पलीकडे. रेंजच्या रेषा फक्त लॅपटॉप आणि राऊटर यांच्यामधलं बोलतात. राऊटरच्या पुढे तार तुटली असेल तरी त्या भरलेल्याच दिसणार. विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्या आणि ‘डिफॉल्ट गेटवे’समोरचा आकडा बघा. तो तुमच्या राऊटरचा पत्ता. ‘पिंग’ लिहून, एक जागा सोडून तो आकडा टाका. उत्तरं काही मिलिसेकंदांत, एकही न चुकता आली, तर लॅपटॉप आणि वायफाय ठणठणीत आहेत. मग ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करा. तिथून काहीच येत नसेल, तर बहुधा खोट बाहेरच्या जोडणीत आहे आणि फोन केबलवाल्यालाच करायचा. तिथूनही उत्तर येतं पण एकही संकेतस्थळ उघडत नाही, असं असेल तर बहुधा नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा अडली आहे. लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये डीएनएस हाताने ८.८.८.८ असा भरला, की बहुतेक वेळा काम होतं.

आयपीकॉन्फिगमध्ये गेटवेची जागा रिकामी आणि लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला, तर राऊटरने लॅपटॉपला पत्ताच दिलेला नाही. एकाच राऊटरवर आख्खा मजला जोडलेला असतो, अशा घरांत हे होतं. एका वेळी किती यंत्रं जोडून घ्यायची याला प्रत्येक राऊटरची मर्यादा असते. वापरात नसलेल्या मोबाईलचं वायफाय बंद करून राऊटर एकदा चालू-बंद करा. लॅपटॉपवर ते नेटवर्क ‘फरगेट’ करून पासवर्ड पुन्हा घाला.

राऊटरलाच पिंग करताना मधूनमधून उत्तरं गळत असतील, तर मात्र दोष हवेतल्या वाटेवर आहे. आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं कारण घराची बांधणी आणि घरातलं सामान हेच आहे, असं माझं ठाम मत आहे. माळवदाच्या जुन्या घरांच्या दगडमातीच्या भिंती दोन-दोन फूट जाड असतात. नव्या घरात सळयांचा स्लॅब असतो. त्यात लोखंडी कपाट, आणि उन्हाळ्यात खिडकीला लावलेला, पाण्याने भरलेला पत्र्याचा कूलर. पत्रा लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेतं. राऊटर कपाटामागे आणि टेबल कूलरच्या पलीकडे असेल, तर महागडा प्लॅन घेऊनही फरक पडणार नाही. राऊटर छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. स्लॅबला चिकटलेल्या माळ्यावर तर नकोच. बऱ्याच घरगुती राऊटरना कंपनी ४० अंशांपर्यंतच वापरायला सांगते, आणि मे महिन्यात नांदेडचा पारा सावलीतही त्याच्या वर जातो. दुपारी नेट तुटतं आणि रात्री सुरळीत चालतं, असं होत असेल तर राऊटरला हात लावून बघा.

दुसरं कारण गर्दी. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल आहेत, पण एकमेकांवर न चढणारी तीनच: १, ६ आणि ११. वायफायचं प्रत्येक यंत्र आधी ऐकतं, हवा मोकळी सापडली तरच बोलतं. क्लासेसच्या गल्लीत एकेका इमारतीत डझनभर राऊटर असतात, तिथे बोलायची पाळीच उशिरा येते. रेंज पूर्ण असून वेग का नाही, त्याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झ घेत असेल तर त्या पट्ट्याच्या वायफाय-नावाला जोडा. तिथे जागा भरपूर आहे. भिंतीपलीकडे मात्र त्या लहरी लवकर दमतात, म्हणून राऊटर असलेल्या खोलीत किंवा शेजारच्या खोलीत बसूनच त्याचा फायदा.

मोबाईलला दिसणारं नाव लॅपटॉपला दिसतच नसेल, तर तीन शक्यता तपासा. लॅपटॉप जुना असून ५ गिगाहर्ट्झ घेत नसेल. राऊटर १२ किंवा १३ व्या चॅनेलवर गेला असेल. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे बसवलेल्या काही कार्डांना ११ च्या पुढचं दिसत नाही. किंवा राऊटरवर फक्त डब्ल्यूपीए-३ सुरक्षा लावली असेल, आणि ती जुन्या लॅपटॉपला कळत नाही. तिन्हींचा उपाय राऊटरच्या सेटिंगमध्ये आहे, म्हणून घरमालकाला सोबत घेऊनच ते करा.

थोरल्या भावाचा जुना लॅपटॉप वापरणाऱ्यांनी घड्याळही बघावं. आतला सेल संपला, की तारीख काही वर्षं मागे जाते. मग संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रं लॅपटॉपला ग्राह्य वाटत नाहीत आणि वायफाय नीट असूनही पानं उघडत नाहीत. तारीख दुरुस्त केली, की पानं लगेच उघडू लागतात.

विंडोजमधलं ‘नेटवर्क रिसेट’ अगदी शेवटी करा. त्याने साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात. अर्जाच्या शेवटच्या दिवशी तर याला हात लावूच नका. त्या दिवशी मोबाईलचा हॉटस्पॉट लावा, अर्ज भरा, पावती जपून ठेवा आणि दुरुस्ती दुसऱ्या दिवशी हाती घ्या.

पुढच्या आठवड्यात: लाईट गेल्यावर राऊटर चालू ठेवणारा छोटा यूपीएस कसा निवडावा.