ट्रॉलीखाली गेलेलं मांजर

मॉड्युलर किचनच्या ट्रॉल्यांखाली जमिनीपासून चारेक इंचांची पोकळी असते. पुढून स्कर्टिंगची पट्टी लावलेली असल्यामुळे ती दिसत नाही. पण सिंकखाली पाइपसाठी कापलेल्या भोकातून किंवा सिलिंडरच्या कप्प्यातल्या उघड्या कोपऱ्यातून आत शिरता येतं. घर बदललं, रंगकाम निघालं, पाहुण्यांनी घर भरलं किंवा दिवाळीतला पहिला सुतळी बॉम्ब वाजला, की घरातलं मांजर नेमकं तिथे जाऊन बसतं. मग घरातली माणसं ओट्यासमोर आडवी होऊन मोबाइलच्या टॉर्चने आत बघत राहतात.

एवढ्या फटीत ते गेलं कसं, असा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. माणसाचं कॉलरबोन खांद्याला सांध्याने जोडलेलं असतं. मांजराचं हेच हाड बारीक असतं आणि ते स्नायूंमध्ये नुसतं रुतलेलं असतं. त्यामुळे खांदे आत घेता येतात, आणि जिथून डोकं जातं तिथून अंगही जातं. मिशांनी आधी फटीचा अंदाज घ्यायचा आणि मग अंग सोडायचं. शिवाय घाबरलेलं मांजर उजेड सोडून अंधाराकडे आणि मोकळी जागा सोडून भिंतीकडे जातं. शक्य असेल तर जिथे पाठ, पोट आणि दोन्ही बाजू कशाला तरी टेकतील, अशा जागी ते शिरतं. दिवाणातला कप्पा, लोखंडी कपाटामागची भिंत, वॉशिंग मशीनचा खालचा भाग, माळ्यावरच्या गाद्यांची वळकटी या त्याच्या ठरलेल्या जागा. म्हणून मांजर दिसेनासं झालं की शोधायला लागण्याआधी मशीनची बटणं बंद करायची, रिक्लायनर आणि घडीच्या पलंगावर कुणाला बसू द्यायचं नाही. या दोन वस्तूंनी चिरडून मांजरं मेलेली आहेत.

गिरगावातल्या चाळीतली एक खोली सोडून एक कुटुंब डोंबिवलीला फ्लॅटमध्ये राहायला गेलं, त्या दिवसाची ही गोष्ट. घरात आजी, मुलगा, सून, शाळकरी नातू आणि तीन वर्षांची मांजर चिंगी. चिंगीने आयुष्यभर चाळीचा लाकडी जिना आणि गॅलरी सोडून काही पाहिलं नव्हतं. सामानवाल्यांनी खोक्यांची चिकटपट्टी टराटरा फाडायला सुरुवात केली आणि ती सिंकखालून आत गेली. दुपार टळली तरी बाहेर येईना. मुलाने टॉर्च मारला, नातवाने झाडूचा दांडा आत घातला, शेजारून आलेल्या काकांनी पट्टी काढायला सुताराला बोलवा असं सुचवलं. आजी खाली बसून सारखी हाका मारत होती, “चिंगे, ये गं बाहेर, कुणी काही करत नाही.” सुनेच्या ओळखीतली, मांजरं सोडवण्याचं काम करणारी एक मुलगी संध्याकाळी आली, तेव्हा स्वयंपाकघरात सहा माणसं होती.

तिने फटीत डोकावूनही पाहिलं नाही. “काका, झाडू आधी बाहेर ठेवा. आणि आजी सोडून सगळे हॉलमध्ये बसा, प्लीज.” मग तिने घराचा मुख्य दरवाजा लावून घेतला, बाल्कनीचं सरकतं दार आणि खिडक्यांच्या जाळ्या तपासल्या. सोडवणूक अर्धी झालेली असताना मांजर उघड्या दारातून जिन्यात पळालं की काम दहापट वाढतं. हरवलेल्या मांजरांविषयीचा एक मोठा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यात 1,210 मांजरांची माहिती होती, आणि सापडलेल्यांपैकी तीन-चतुर्थांश मांजरं सुटलेल्या जागेपासून 500 मीटरच्या आतच मिळाली होती. म्हणजे ती लांब जात नाहीत, जवळच दडून गप्प राहतात. पण अनोळखी इमारतीत 500 मीटर म्हणजे किती जिने, किती पार्किंग आणि किती गटारं, हे ज्याने शोधलंय त्यालाच कळतं.

आजीचं हाका मारणं तिने थांबवलं नाही, फक्त आवाज खाली आणायला सांगितला. “तिला ऐकू येतंय ना गं? मग येत का नाही?” असं आजीने काकुळतीने विचारलं. ऐकू येतच असतं. टोकियो विद्यापीठातल्या आत्सुको साइतो आणि काझुताका शिनोझुका यांनी 20 पाळीव मांजरांना त्यांच्या मालकाचा आणि अनोळखी माणसांचा आवाज ऐकवून पाहिला. तो अभ्यास 2013 साली छापून आला. मांजरं मालकाचा आवाज ओळखत होती, पण ओळख दाखवत होती ती कान वळवून आणि डोकं हलवून. उठून आवाजाकडे जात नव्हती. भेदरलेल्या चिंगीकडून त्याहून जास्त अपेक्षा करणं अन्यायाचंच होतं. मांजराला 64 किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात आणि माणसाची मजल 20 च्या आसपास संपते. खोक्यांच्या कर्कश आवाजातून बाहेर पडून मिळालेला कोपरा ती एका हाकेसाठी कशाला सोडेल?

या कामात बहुतेक वेळ गोष्टी कमी करण्यात जातो. टॉर्च बंद झाला, कारण मांजराच्या डोळ्यातला पडदा उजेड परत फेकतो आणि तिथपर्यंत पोचणारा झोत माणसाला वाटतो त्याहून कितीतरी प्रखर असतो. मांजर आहे ना, एवढं पाहायला एकदा तिरका प्रकाश टाकून ते हिरवट चमकणारे दोन ठिपके बघायचे, की पुरे. एक्झॉस्ट पंखा बंद झाला, टीव्ही बंद झाला. मग तिने सिलिंडरच्या कप्प्याचा कोपरा जुन्या टॉवेलने बुजवला, म्हणजे बाहेर पडायला एकच वाट राहिली. सिंकचं भोक ते समोरची भिंत या वाटेवर दोन खोकी आडवी ठेवून तिने एक अरुंद गल्ली केली. गल्लीच्या टोकाला मांजराचं कॅरिअर, दार उघडं ठेवलेलं, आत चाळीतून आणलेली न धुतलेली चादर. चिंगी जिच्यावर झोपायची तीच. सुनेने ती धुवायच्या कपड्यांत टाकली होती, तिथून ती परत काढली.

खाण्याचा प्रश्न आजीने सोडवला. बाजारात मिळणाऱ्या मांजराच्या खाऊला वास असतोच, पण तव्यावर कोरडी भाजलेली सुकट बंद स्वयंपाकघरात जो वास धरते त्याला तोड नाही. दोन चिमट्या सुकट भोकाच्या तोंडाशी, थोडी गल्लीत, उरलेली कॅरिअरमध्ये. पोटभर आधी द्यायचं नाही, नाहीतर तिथेच खाऊन ती परत आत जाईल.

“आता आजी, तुम्ही इथेच बसा आणि रोजचं काहीतरी काम करा. तिच्याकडे बघू मात्र नका.”

आजीने मेथीची जुडी घेतली. ही सूचना कुणाला विचित्र वाटेल, पण सगळ्या तयारीत हीच सगळ्यात उपयोगाची ठरते. खोलीत काहीच आवाज नसेल तर मांजर कान टवकारून बसतं, कारण दबा धरणाराही गप्पच असतो. देठ मोडण्याचा आवाज, पातेल्यावर झाकण ठेवणं, आजीचा खोकला, हे आवाज चिंगीला जन्मापासून माहीत होते. आणि रोखून बघणं ही मांजराच्या जगात धमकी असते. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 साली याच्या उलट बाजूचा अभ्यास केला. माणसाने डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडझाप केली, तर मांजरंही तशीच उत्तरं देतात आणि अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताजवळ जास्त येतात, असं त्यांना दिसलं.

रात्री इमारत शांत झाल्यावर भोकाच्या कडेला आधी मिशा दिसल्या. मग नाक, जळमटांनी माखलेलं. चिंगी तिथेच थांबली. पुढचा एक पंजा टाइलवर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. तोंडाशी पडलेली सुकट मान लांब करून खाल्ली. मागचं अंग अजून आतच. हॉलच्या दारातून हे बघणारा मुलगा पुढे सरकणार तोच त्या मुलीने त्याच्या दंडावर हात ठेवला. इथे झडप घालायचा मोह आवरला नाही की रात्र वाया जाते. शेपटी किंवा पाय हाताला लागतो, मांजर ओरबाडून निसटतं आणि पुन्हा आत जातं, आणि या वेळी ते माणूस झोपल्याशिवाय येत नाही. चिंगी खाऊन आत गेली. आजी मेथी निवडत राहिली. दुसऱ्या खेपेला चिंगी गल्लीत आली, खोक्यांना गाल घासला, कॅरिअरपर्यंत जाऊन परतली. त्यानंतर आली ती सरळ आत शिरली, चादर हुंगून तिच्यावर गोल फिरली आणि बसली. मुलीने बसल्या जागेवरून दार अडकवलं, वर ओढणी टाकली आणि भोकाला आतून तारेची जाळी ठोकायला सांगितली.

कॅरिअर तिने त्याच रात्री उघडायला लावलं, पण एका बंद खोलीत, कोपऱ्यात एक खोकं आडवं ठेवून. लपण्याची जागा हिसकावून घेऊन मांजर धीट होत नाही. नेदरलँड्समध्ये उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी निवाऱ्यात नव्याने आलेल्या 19 मांजरांपैकी 10 जणींना लपायला खोकं दिलं, 9 जणींना दिलं नाही. 2014 साली छापलेल्या त्या अभ्यासात खोकं मिळालेल्या मांजरांचा ताण तिसऱ्या-चौथ्या दिवशीच स्पष्ट कमी झालेला दिसला. बाकीच्यांना रुळायला वेळ लागला. पुठ्ठ्याच्या खोक्याने एवढा फरक पडत असेल, तर शिफ्टिंगच्या दिवशी ते सगळ्यात आधी उघडून ठेवायला काय हरकत आहे?

वाट पाहण्यालाही मर्यादा असते. मांजर विव्हळत असेल, रक्त दिसलं असेल, फटीत उघडी वायर असेल, तर सुताराला बोलावून पट्टी काढावीच लागते. तेव्हाही ड्रिल न लावता पटाशीने, मांजरापासून लांबच्या टोकाकडून सुरुवात करून. दोन-तीन दिवस अन्न पोटात न गेलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते दगावू शकतं. उपाशी राहिलं की भूक लागून येईल, हा हिशेब म्हणून धोक्याचा आहे. हात घालायची वेळ आलीच तर जाड टॉवेल आधी टाकायचा आणि त्यासकट अंग गुंडाळून उचलायचं. मांजराचे सुळे बारीक आणि लांब असतात. जखम वरून टोचल्यासारखी दिसते पण खोल जाते आणि लवकर चिघळते. चावा किंवा ओरखडा लागला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं आणि रेबीजच्या लशीबद्दल विचारायचं. ‘घरचंच मांजर आहे’ म्हणून हे टाळणाऱ्यांवर मांजरं सोडवणारी माणसं खरोखर चिडतात, आणि ते रास्त आहे.

गाडीच्या बॉनेटखाली गेलेलं पिल्लू हे याच कामाचं सगळ्यात अवघड रूप. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमधून असे फोन सतत येतात. मांजराच्या शरीराला साधारण 30 ते 38 अंश सेल्सिअसची ऊब सोयीची वाटते, आणि भिजलेल्या पिल्लाला नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाजवळ ती मिळते. इथे पहिलं काम गाडीच्या मालकाला शोधून किल्ली काढून घेणं. दुसरं काम बॅटरीची ऋण बाजू सोडवणं, कारण कित्येक गाड्यांमध्ये इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक फिरतो. गाडीभोवती जमिनीपर्यंत चादरी सोडतात, नाहीतर पिल्लू एका गाडीतून निसटून शेजारच्या गाडीत शिरतं. मग एकजण वरून, दुसरा खालून. इंजिनखालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढायचं असेल तर मेकॅनिकच लागतो, आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली त्याने जाता कामा नये. पाण्याचा फवारा, सळई, हॉर्न या तिन्ही उपायांनी पिल्लू आणखी आत घुसतं.

उपयोगी पडतो तो मोबाइल. दुसऱ्या पिल्लांच्या ओरडण्याचं ध्वनिमुद्रण हळू आवाजात लावलं की लपलेलं पिल्लू बहुतेक वेळा उत्तर देतं. त्यावरून ते बॅटरीमागे आहे, बंपरमध्ये आहे की चाकाच्या वरच्या अस्तरात, हे कळतं. मोबाइल तसाच वाजता ठेवून खाली टोपलीत टाकला तर काही पिल्लं आपणहून उतरतात. आई जवळपास असेल तर मात्र सगळ्यांनी बाजूला होणं बरं. तिची एक हाक या सगळ्या साधनांपेक्षा लवकर काम करते.

बाहेर आलेल्या पिल्लाला लोक लगेच बशीत गाईचं दूध देतात, तिथेही सोडवणाऱ्यांना मधे पडावं लागतं. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब हवी, मग अन्न. थंड अंगात दूध पचत नाही आणि ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं. गाईच्या दुधाने जुलाब होतात ते वेगळंच.

जपानमध्ये निसान कंपनीने 2015 साली, गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारा, अशी मोहीम सुरू केली, आणि ती सवय तिथे चांगलीच पसरली. थापेने मोठं मांजर निघून जातं. डोळे नुकतेच उघडलेलं पिल्लू मात्र थाप ऐकून जागच्या जागी थिजतं. त्यामुळे पार्किंगमध्ये मांजर व्यायल्याचं वॉचमनने सांगितलं असेल, तर थाप मारून दोन मिनिटं कान देऊन थांबायचं आणि तरीही बॉनेट उघडून टॉर्चने बघायचं: बॅटरीच्या मागे, एअर फिल्टरच्या खाली, पट्ट्याच्या बाजूला, आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या वर.