विज्ञानाचे अज्ञान आणि नास्तिकाचे म्हणणे

ईश्वराच्या अस्तित्वाविषयी दोन सुशिक्षित माणसांचा वाद सुरू झाला, की तो कोठूनही निघो, अखेर एका ठराविक वाक्यापाशी येऊन थांबतो, आणि ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते येण्याची चाहूल आता आधीच लागते : ‘‘पण तुमच्या विज्ञानाला तरी सगळे कोठे कळले आहे?’’ व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत ते येते, दिवाळी अंकांतील लेखांत येते, लग्नघरच्या पंगतीत येते. आणि उच्चारणाऱ्याच्या मुद्रेवर असा भाव असतो, की आता प्रतिपक्षाला बोलावयास काही उरले नाही. वस्तुतः या वाक्याने नास्तिकाचे काहीच बिघडत नाही, कारण विज्ञानाला सर्व काही कळले आहे असे तो कधी म्हणालेलाच नसतो. जे कोणी म्हटले नाही त्याचे खंडन करून वाद जिंकल्याचे समाधान मानण्याची ही रीत आता पुरे झाली असे मला मनापासून वाटते, सबब या एका गैरसमजाचा थोडा विस्ताराने परामर्श घेण्याचे योजिले आहे.

पहिली गोष्ट कालक्रमाची. ईश्वर नाकारणारी विचारसरणी विज्ञानाच्या यशावर पोसली गेली असती, तर ती न्यूटनच्या ग्रंथाआधी, म्हणजे १६८७ च्या आधी, आपल्याकडे आढळावयास नको होती. प्रत्यक्षात ती दर्शनशास्त्राच्या मध्यवर्ती दालनातच बसलेली आहे. सांख्यकारिकेत सृष्टीची उपपत्ती प्रकृती आणि पुरुष यांच्या आधारे पूर्ण होते आणि तीत ईश्वराला जागा नाही. सातव्या शतकातला कुमारिल भट्ट हा वेदप्रामाण्याचा कडवा कैवारी, यज्ञसंस्थेचा अभिमानी, बौद्धांचा कट्टर प्रतिपक्षी. परंतु ‘श्लोकवार्तिका’त तो जगत्कर्त्याच्या कल्पनेची जी उलटतपासणी घेतो ती आजच्या कोणाही निरीश्वरवाद्याला पुरून उरेल. ईश्वराने जग कशासाठी निर्माण केले, असे तो विचारतो. करुणेपोटी म्हणावे, तर जग नव्हते तेव्हा दुःखी जीवही नव्हते, मग करुणा कोणाची? आणि करुणेनेच निर्माण केले असेल, तर त्यात केवळ सुखच का भरले नाही? जग निर्माण होताना पाहिलेला साक्षीदार तरी कोठला आणावयाचा? या युक्तिवादाला दुर्बीण लागत नाही, सूक्ष्मदर्शक लागत नाही, आणि उद्या विज्ञानाचे सर्व सिद्धांत कोलमडले तरी त्याचा एक चिराही हलत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. नास्तिक म्हणजे ‘मला सर्व कळते’ असे मिरवणारा गर्विष्ठ मनुष्य, हे चित्र ज्यांच्या मनात ठसलेले आहे त्यांनी जयराशी भट्टाच्या ‘तत्त्वोपप्लवसिंह’ या ग्रंथाकडे पाहावे. हा ग्रंथ शतकानुशतके अज्ञात होता. १९२६ मध्ये पाटणच्या ग्रंथभांडारात त्याचे हस्तलिखित हाती आले आणि १९४० मध्ये बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत तो छापला गेला. जयराशीला चार्वाकांत गणावे की स्वतंत्र संशयवादी मानावे याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण ईश्वर, परलोक आणि कर्मफल या सर्वांना त्याने रजा दिली यात शंका नाही. आणि त्याने रजा दिली ती ज्ञानाच्या बळावर नव्हे. अनुमान, शब्द, इतकेच काय पण चार्वाकांनी एकमेव मानलेले प्रत्यक्षसुद्धा, असे एकही प्रमाण निर्दोष ठरत नाही, हे दाखविण्यात त्याचा सारा ग्रंथ खर्ची पडला आहे. मानवी ज्ञानाच्या मर्यादा इतक्या निष्ठुरपणे मोजणारा मनुष्य ईश्वर न मानणाऱ्यांच्या पंक्तीत बसतो, हे ज्याला विसंगत वाटते त्याने नास्तिकाची बाजू मुळात ऐकलेलीच नाही.

ती बाजू थोडक्यात अशी : ईश्वर आहे असा दावा कोणी मांडला, तर पुरावा हजर करण्याची जबाबदारी दावा मांडणाऱ्याची आहे, आणि आजवर हजर झालेला पुरावा मला पुरेसा वाटत नाही. बहुसंख्य नास्तिक याच्या पुढे जात नाहीत. ‘ईश्वर नाही हे मी सिद्ध केले आहे’ असे म्हणणारे थोडे आहेत, आणि त्यांनी तसे म्हटले तर पुराव्याची तीच जबाबदारी त्यांच्यावरही येते.

‘दिसत नाही म्हणून नाही, असे कसे म्हणता?’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. आपल्या शास्त्रकारांनी त्याचे उत्तर फार काळजीपूर्वक देऊन ठेवले आहे, आणि ते विसरून हीच शंका आपण नव्याने विचारीत बसतो याचा मला खेद होतो. भाट्ट मीमांसकांनी ‘अनुपलब्धि’ हे अभाव जाणण्याचे स्वतंत्र प्रमाण मानले, पण तिला ‘योग्य’ हे विशेषण जोडले. भूतलावर घट नाही असे आपण निश्चयाने म्हणतो, कारण घट असता तर या उजेडात, या डोळ्यांना, तो दिसलाच असता. भूतलावर पिशाच नाही असे मात्र केवळ न दिसण्यावरून म्हणता येत नाही, कारण पिशाच मानणाऱ्यांच्या मते ते असूनही दिसत नाही. नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त हाच भेद ईश्वराच्या बचावासाठी वापरला : ईश्वर मुळात प्रत्यक्षाला अयोग्य, तेव्हा त्याच्या न दिसण्याने काहीच सिद्ध होत नाही. बचाव बिनतोड आहे, आणि प्रामाणिक नास्तिकाने तो मान्य केला पाहिजे. मात्र त्याची किंमतही आस्तिकाने मोजली पाहिजे. कारण ज्या क्षणी ईश्वर नवसाला पावतो, रोग बरा करतो, पाऊस पाडतो असे म्हटले जाते, त्या क्षणी दावा ‘योग्य’ या सदरात दाखल होतो आणि तपासणीला पात्र ठरतो.

अशी तपासणी झालेलीही आहे. हृदयावरील बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर अमेरिकेतील सहा रुग्णालयांत केलेला, हर्बर्ट बेन्सन यांच्या नेतृत्वाखालील अभ्यास २००६ मध्ये ‘अमेरिकन हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण ज्यांना ती होईलच अशी खात्री दिलेली नव्हती, त्यांच्यापैकी ५२ टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झाली. ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यापैकी ५१ टक्क्यांना. आपल्यासाठी प्रार्थना होणार आहे हे ज्यांना निश्चित सांगितले होते, त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघाले. या अभ्यासाने ईश्वर नाही हे सिद्ध होत नाही, आणि तसे सांगत फिरणाऱ्या उत्साही नास्तिकांनाही आवरले पाहिजे. एक विशिष्ट दावा एका विशिष्ट कसोटीला उतरला नाही, एवढेच त्यातून निघते.

आता विज्ञानाच्या मर्यादांकडे वळू. या मर्यादा जगाला आस्तिकांनी दाखवून दिल्या अशी समजूत असते. पण सर्वांत मोठ्याने त्या पुकारल्या त्या विज्ञाननिष्ठांनी, आणि पुष्कळदा ईश्वर न मानणाऱ्यांनी. जीवसृष्टीचा उलगडा भौतिक नियमांनीच करू पाहणाऱ्या एमिल दु ब्वा-रेमों या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये लाइपझिग येथे शास्त्रज्ञांच्याच सभेत सांगितले, की द्रव्याचे अंतिम स्वरूप आणि जाणिवेचा उगम या गोष्टी आपल्याला माहीत नाहीत आणि कधी माहीत होणारही नाहीत. त्याच्याही आधी, १८३५ मध्ये, देवधर्माला रजा देणाऱ्या ऑग्युस्त कॉम्तने बजावले होते, की ताऱ्यांची अंतरे आणि गती मोजता येतील, पण ते कोणत्या द्रव्यांचे बनले आहेत हे मनुष्याला केव्हाही कळणार नाही.

कॉम्त १८५७ मध्ये वारला आणि दोनच वर्षांनी किर्शहोफ आणि बुन्सेन यांनी त्याची ही मर्यादा ओलांडली. तापलेले प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या रंगरेषा प्रकाशात उमटविते, तेव्हा सूर्याचा प्रकाश लोलकातून पसरून पाहिला की त्या रेषांवरून सूर्यातील द्रव्ये ओळखता येतात. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण पाहण्यासाठी झान्सेन हा फ्रेंच ज्योतिर्विद गुंटूरला आला होता. त्या ग्रहणात सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या वर्णपटात निरीक्षकांना एक तेजस्वी पिवळी रेषा दिसली. ती सोडियमच्या रेषांना अगदी लागून, पण तिची जागा किंचित निराळी. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नॉर्मन लॉकियरने इंग्लंडात ग्रहणाशिवायच तिचे निरीक्षण केले, ती सोडियमची नाही हे ठरविले, आणि अज्ञात द्रव्याला हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर ते रॅमसेच्या हाती लागावयास १८९५ उजाडले. जाता जाता एका स्थानिक समजुतीचाही निकाल लावतो. लॉकियरने १८६८ मध्ये विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला असे आपल्याकडे अभिमानाने छापले जाते. तो विजयदुर्गाला आला हे खरे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. १८६८ मध्ये तो इंग्लंडातच होता.

यावरून ‘आज ना उद्या सर्व मर्यादा गळून पडतील’ असा निष्कर्ष काढणेही घाईचे होईल. काही मर्यादा काळाच्या आहेत, काही तत्त्वाच्या. प्लँक उपग्रहाच्या मापनांनुसार विश्वातील द्रव्य-ऊर्जेपैकी आपल्या परिचयाचे द्रव्य सुमारे ५ टक्के. उरलेले कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा म्हणजे नेमके काय, ते आज कोणालाही सांगता येत नाही. निर्जीवातून पहिला जीव कोणत्या वाटेने आला, हेही ठरलेले नाही. ही अज्ञाने उद्या दूर होऊ शकतात. उलट, सूक्ष्म कणाचे स्थान आणि संवेग एकाच वेळी हव्या तितक्या अचूकपणे निश्चित करता येत नाहीत हे हायझेनबर्गने १९२७ मध्ये दाखविले, आणि ते उपकरण सुधारून टळणारे नाही. जेथून प्रकाश आपल्यापर्यंत अद्याप पोचलाच नाही त्या विश्वभागाचे निरीक्षणही आज कोणाला करता येणार नाही. या साऱ्या मर्यादा विज्ञानाने स्वतः, स्वतःच्याच गणिताने आखल्या आहेत.

आणि येथेच त्या लोकप्रिय वाक्याचा खरा दोष उघडा पडतो. ‘अमुक कळलेले नाही’ या विधानातून ‘म्हणून तमुक आहे’ हे विधान कोणत्याही तर्कशास्त्रात निघत नाही, पाश्चात्त्य नाही आणि भारतीय तर नाहीच. न कळणे हे न कळण्याचेच प्रमाण असते. शिवाय अज्ञानाच्या फटीत बसविलेला ईश्वर ती फट बुजताच बेघर होतो. देवीचा रोग शीतलेच्या कोपाने होतो असे मानून पिढ्यान्‌पिढ्या घरांत आंघोळी थांबविल्या गेल्या, नैवेद्य दाखविले गेले. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचण्यात आली, आणि १९८० मध्ये तो रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. कोपाचे मग काय झाले? या युक्तिवादातला धोका श्रद्धावंतांनीही ओळखला आहे. नाझींच्या तुरुंगात असलेला ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ डीट्रिश बोनहोफर याने मे १९४४ मधील एका पत्रात ईश्वराचा उपयोग ज्ञानातील ठिगळासारखा करू नये असे कळकळीने बजावले आहे. ज्ञानाची सीमा पुढे सरकते तसतसा असा ईश्वर मागे हटत जातो, हे त्याला स्पष्ट दिसत होते. विज्ञानाच्या अज्ञानावर ईश्वराची स्थापना करणारे आपल्याच श्रद्धेचा पाया पोखरीत असतात.

उरलेले गैरसमज थोडक्यात आटोपतो. नास्तिकाला नीती नसते, असे म्हणणाऱ्यांनी आगरकरांचे चरित्र वाचावे : एम. ए. होऊन मोठ्या पगाराची सरकारी चाकरी पत्करता आली असती, ती सोडून त्यांनी शाळा, महाविद्यालय आणि ‘सुधारक’ यांत देह झिजविला, जिवंतपणी निघालेली स्वतःची प्रेतयात्रा पाहिली, आणि चाळिशी गाठण्याआधी, १८९५ मध्ये, ते गेले. काय करावे हे विज्ञान सांगत नाही हे खरेच आहे. ते ठरविण्याचे काम विवेकाचे, आणि तो आस्तिकाला जेवढा उपलब्ध तेवढाच नास्तिकाला. न्यूटन आणि रामानुजन श्रद्धावंत होते म्हणून ईश्वर सिद्ध होत नाही, तसाच आइन्स्टाइनने व्यक्तिरूप ईश्वर नाकारला म्हणून तो असिद्धही होत नाही. विज्ञान हाही एक धर्मच, असे म्हणणाऱ्यांनी जयंत नारळीकरांकडे पाहावे. महास्फोटाचा सिद्धांत जगाने स्वीकारल्यावरही ते आयुष्यभर त्याला पर्याय मांडीत राहिले, आणि त्यांना कोणी बहिष्कृत केले नाही. उलट पुण्यात ‘आयुका’ ही खगोलविज्ञानाची संस्था उभी करण्याचे काम त्यांच्याकडेच सोपविले गेले. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा देवपूजेवर घाला घालतो ही अशीच एक आवई; यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन यांना त्यात स्पष्ट शब्दांत मोकळीक दिलेली आहे.

राहता राहिला कागदोपत्री नोंदीचा प्रश्न. सरकारी अर्जावर कोणता ना कोणता धर्म लिहावाच लागतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निकाल दिला, की राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ मधील सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात आपला कोणताही धर्म नाही असे म्हणण्याचा हक्क अंतर्भूत आहे आणि सरकारला कोणाकडूनही धर्माची नोंद सक्तीने करवून घेता येणार नाही. ‘धर्म नाही’ अशी नोंद राजपत्रात करून मागणारे, आणि शासकीय मुद्रणालयाने नकार दिल्यावर कोर्टात गेलेले ते अर्जदार नास्तिक नव्हते; ख्रिस्तावर त्यांची श्रद्धा होती.