आधी शाळा, मग घर

बदलीचा आदेश किंवा नव्या नोकरीचं पत्र हातात पडलं, की बहुतेक कुटुंबं ठरलेल्या क्रमानं कामाला लागतात. ऑफिसजवळची वस्ती शोधायची, बजेटमध्ये बसणारा टू बीएचके पक्का करायचा, डिपॉझिट भरायचं आणि मग जूनच्या तोंडावर आसपासच्या शाळांत जागा आहे का, ते विचारत फिरायचं. या क्रमात सगळ्यात मोठी तडजोड घरातल्या सगळ्यात लहान माणसाला करावी लागते. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, की क्रम उलटा करा. आधी मुलांची इयत्ता पाहा, मग शाळा निवडा, मग तिथवरचा रस्ता तपासा आणि शेवटी घर घ्या.

समजण्यासाठी एक कुटुंब डोळ्यांसमोर ठेवू. अकोल्याहून पुण्याला निघालेलं. वडिलांचं काम हिंजवडीत, आईचं शिवाजीनगरला. मुलगी सेमी इंग्रजीत सातवी पूर्ण करून आठवीत जाणार, मुलगा पहिलीत.

इयत्ता काय सांगते?

शाळा बदलण्याची अडचण प्रत्येक इयत्तेत सारखी नसते. आठवीपर्यंत प्रवेशाला शिक्षण हक्क कायद्याचा आधार असतो आणि अभ्यासातलं अंतर भरून काढायला वेळही मिळतो. नववीपासून दार अरुंद होतं. सीबीएसई नववी आणि दहावी मिळून एकच अभ्यासक्रम मानते, त्यामुळे दुसऱ्या मंडळातून थेट दहावीत जाता येत नाही. म्हणून आपल्या उदाहरणातल्या मुलीसाठी आत्ता निवडलेलं मंडळ हेच दहावीपर्यंतचं मंडळ, असं धरून चालावं. त्यापुढची चिंता आज नको. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन केंद्रीय पद्धतीनं होतात, तेव्हा नव्यानं निवड करता येईल.

धाकट्याचा प्रश्न वयाचा आहे. राज्यातल्या शाळांत पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणं पाहतात, तर केंद्रीय विद्यालयांत ३१ मार्च ही तारीख धरतात. शिवाय सीबीएसईच्या शाळा साधारण एप्रिलमध्ये सुरू होतात आणि राज्य मंडळाच्या जूनमध्ये. मे महिन्यात आलेली बदली एका मंडळासाठी उशिराची ठरते, दुसऱ्यासाठी वेळेवरची.

पाचवीतलं मूल नवोदयची तयारी करत असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्या जिल्ह्यात मूल पाचवी शिकतं, त्याच जिल्ह्याच्या नवोदय विद्यालयासाठी ते परीक्षेला बसू शकतं. वर्षाच्या मध्यात जिल्हा बदलण्यापूर्वी याचा विचार व्हायला हवा.

शाळेची खातरजमा

प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक २७ नं सुरू होतो. तो मागून घ्या आणि सरकारी संकेतस्थळावर शाळेची माहिती पाहा. ‘सीबीएसई पॅटर्न’ असा फलक दिसला तर संलग्नता क्रमांक विचारा आणि मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळा. पॅटर्न शिकवणं वेगळं आणि मंडळाची संलग्नता असणं वेगळं. मान्यता कोणत्या इयत्तेपर्यंत आहे, हेही विचारा. नव्या वस्त्यांतल्या शाळा वर्षाला एकेक इयत्ता वाढवत जातात. मुलगी आठवीत आणि शाळेची मान्यताही आठवीपर्यंतच, अशी गाठ पडली तर नववीला पुन्हा शोधाशोध आली.

फी विचारताना कायदा माहीत असावा. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रवेशासाठी देणगी घेता येत नाही आणि मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखतही घेता येत नाही. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे फी ठरते आणि ती दोन शैक्षणिक वर्षं कायम राहते. यंदाची फी समितीनं कधी मंजूर केली, असा शांतपणे एक प्रश्न विचारा. उत्तर किती मोकळेपणानं मिळतं, यावरून शाळेचा पालकांशी व्यवहार कसा असेल, ते बरंच कळतं.

मग शाळा प्रत्यक्ष पाहा, शक्यतो सुटण्याच्या वेळी. फाटकाशी उभे असलेले पालक आणि व्हॅनवाले काका माहितीपत्रकात नसलेल्या गोष्टी सांगतात. आत गेल्यावर तुकडीत मुलं किती आहेत, ते विचारा. कायद्याचं प्रमाण पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक, असं आहे. मैदान वापरात आहे का, स्वच्छतागृहात पाणी आहे का, वर्षभरात किती शिक्षक सोडून गेले, मध्येच आलेल्या मुलाला पहिला महिना कोण सांभाळून घेतं, हे विचारायला संकोच नको.

माध्यमाचा प्रश्न पुण्यात थेट वस्तीशी बांधलेला आहे. हिंजवडी, वाकड, बाणेर या नव्या पट्ट्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळा मुबलक आहेत. मराठी माध्यमाच्या, सेमी इंग्रजीची सोय असलेल्या जुन्या शाळा प्रामुख्यानं पेठा, डेक्कन, कोथरूड आणि तिकडे चिंचवड-निगडी भागात आहेत. नूमवि, हुजूरपागा, भावे ही नावं पेठांतलीच. सेमीत रुळलेल्या मुलीला आठवीत अचानक सगळे विषय इंग्रजीतून शिकायला लावणं हा मोठा निर्णय आहे. तो केवळ घराच्या पत्त्यामुळे होऊ नये.

गाव सोडण्यापूर्वी दाखला

शाळा सोडल्याचा दाखला हातात पडताच शाळेच्या कार्यालयातच उभं राहून वाचा. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात, आईचं नाव हे सगळं तपासा. मूल शाळेच्या पटावर असेपर्यंत दुरुस्ती सोपी असते. शाळा सुटल्यावर जनरल रजिस्टरमधली नोंद बदलून घेणं फार जिकिरीचं होतं आणि पुढे जातपडताळणीच्या वेळी हाच कागद पुढे येतो. प्रगतिपुस्तक, आधार आणि सरल प्रणालीतला विद्यार्थी क्रमांक सोबत घ्या. परराज्यात जाणार असाल तर दाखल्यावर शिक्षण विभागाची प्रतिस्वाक्षरी लागेल का, तेही नव्या शाळेला आधीच विचारून ठेवा.

दाखला मिळायला उशीर झाला तरी घाबरू नका. सहा ते चौदा वयोगटातल्या मुलाला सरकारी आणि अनुदानित शाळांत दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही किंवा लांबवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात तसं स्पष्ट लिहिलं आहे.

अंतर मिनिटांत मोजा

दोन-तीन शाळा ठरल्या, की नकाशा उघडा. हिंजवडी आणि वाकड शेजारी दिसतात, पण कामाच्या दिवशी त्यांच्यामधला वेळ किलोमीटरवरून कळत नाही. म्हणून शाळेच्या वेळेला, आठवड्याच्या मधल्या दिवशी, त्या रस्त्यानं स्वतः जाऊन पाहा. रविवारी दुपारी घर बघायला गेलात तर सोमवारचा रस्ता दिसणारच नाही.

शाळांच्या वेळाही ताडून बघा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं शासनानं २०२४ मध्ये सांगितलं. त्यामुळे ताई सातला आणि भाऊ नऊला, अशा दोन फेऱ्या होऊ शकतात. दोघांना कोण सोडणार, कोण आणणार, एखाद्या दिवशी दोघंही पालक अडकले तर मुलं कुठे थांबणार, हे कागदावर लिहून काढा. शाळेची बस असेल तर शाळेच्या परिवहन समितीबद्दल विचारा. राज्याच्या २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार ती असणं अपेक्षित आहे.

आता आपल्या कुटुंबापुढचे पर्याय पाहू. वाकडला राहिलं तर वडील कामाजवळ, पण सेमीची शाळा आणि आईचं ऑफिस लांब. कोथरूडला मुलीची शाळा जवळ मिळू शकते आणि आईला वनाजहून मेट्रोनं जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून शिवाजीनगर गाठता येतं. वडिलांना मात्र चांदणी चौकातून महामार्गानं रोज हिंजवडी. चिंचवडला मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, आईला पिंपरीहून शिवाजीनगरची थेट मेट्रो आहे आणि वडिलांचा प्रवास मधला. या कुटुंबासाठी मी चिंचवडपासून सुरुवात करीन. दुसऱ्या कुटुंबाचं उत्तर वेगळं येईल. पण एक नियम सगळ्यांनी पाळावा असं मला मनापासून वाटतं: लांबचा प्रवास मोठ्या माणसाकडे, जवळचा मुलाकडे. वाचलेला तास मुलाला खेळायला, वाचायला आणि झोपायला मिळतो.

वस्तीची परीक्षा

पुणे म्हणताना आपण अनेक कारभार एकत्र धरत असतो. कोथरूड, औंध, बाणेर पुणे महापालिकेत, वाकड, चिंचवड पिंपरी-चिंचवड महापालिकेत, तर हिंजवडीचा कारभार ग्रामपंचायतीकडे. पाणी, कचरा, रस्ते यांचा अनुभव त्यानुसार बदलतो. पिंपरी-चिंचवडला पाणी प्रामुख्यानं पवना धरणातून येतं आणि २०१९ च्या अखेरीस तिथे दिवसाआड पुरवठा सुरू झाला. म्हणून सोसायटीच्या सचिवांना एप्रिल-मेमधली टँकरची बिलं विचारा. टाकी किती मोठी आहे, यापेक्षा उन्हाळ्यात किती टँकर लागले, हा आकडा खरं सांगतो.

पावसाळ्याचंही विचारा. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला आलेल्या पुरानं सहकारनगर-अरण्येश्वर परिसरात हाहाकार झाला आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याची एकता नगरी मुठेच्या पाण्यात गेली. नदी-ओढ्याजवळची इमारत असेल तर पूररेषेचा नकाशा पाहा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

पहिलं वर्ष भाड्यानं

एवढं पाहूनही पहिल्या वर्षी घर विकत घेऊ नका. शाळा मुलाला मानवते का, हे दिवाळीपर्यंत कळायला लागतं आणि तेव्हा पाय मोकळे असलेले बरे. लिव्ह अँड लायसन्स करार बहुधा अकरा महिन्यांचा करतात. त्याची नोंदणी महाराष्ट्रात बंधनकारक आहे आणि ती ऑनलाइन होते. करार संपण्याचा महिना मात्र नीट बघा. जूनमध्ये घेतलेलं घर एप्रिलअखेर रिकामं करावं लागलं तर परीक्षा उरकलेली असते. नोव्हेंबरमध्ये घेतलेल्या घराची मुदत पुढच्या सप्टेंबरअखेर, म्हणजे सहामाहीच्या तोंडावर संपते. अशा वेळी मुदत त्यानंतरच्या एप्रिल-मेपर्यंत लिहून घ्या. घरमालक सहसा याला नाही म्हणत नाहीत, कारण त्यांनाही मुदत मोठीच मिळते.

नोंदणीकृत करार पत्त्याचा पुरावा म्हणूनही उपयोगी पडतो. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांसाठी पात्र असलेल्या कुटुंबांनी हे विशेष लक्षात ठेवावं. तिथे घर ते शाळा अंतर मोजतात, एक किलोमीटरच्या आतल्यांना प्राधान्य मिळतं आणि प्रवेश फक्त शाळेच्या पहिल्या वर्गात मिळतो.

या सगळ्या तपासणीत मुलांना सोबत घ्या. शेवटच्या दोन शाळा त्यांना दाखवा आणि त्यांचं मत खरोखर विचारात घ्या. आठवीतल्या मुलीला गाव, मैत्रिणी, शिक्षक सगळं एकदम सोडावं लागतं. त्यात निदान नवी शाळा तिनं निवडलेली असली, तर पहिल्या दिवशी ती तिथे पाठवलेली म्हणून जाणार नाही, स्वतः ठरवून जाईल. करारावर सही करण्याआधी एका सकाळी तिच्यासोबत नव्या घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन या. तो रस्ता तिला जमण्यासारखा वाटला, तरच सही करा.