कोपेनिकचे न्यायालय : कायद्याच्या वास्तूतच कायदा कसा मोडला गेला?

बर्लिनच्या आग्नेय भागातील कोपेनिक येथे प्रशियाच्या काळातील एक स्थानिक न्यायालय आजही उभे आहे. त्याला लागून असलेल्या छोट्या तुरुंगात आता स्मारक आहे. जून १९३३मध्ये तिथे जे घडले, त्यामुळे ही साधी इमारत जर्मन इतिहासात नोंदली गेली.

स्थानिक न्यायालय म्हणजे काय?

जर्मन साम्राज्यात १८७९मध्ये न्यायव्यवस्थेची एकसारखी रचना लागू झाली. तिच्या सर्वांत खालच्या पायरीवर ही स्थानिक न्यायालये होती. भाडे, उधारी, जमिनीच्या नोंदी, पालकत्व, किरकोळ गुन्हे असे रोजच्या जगण्यातले प्रश्न तिथे सुटत. कोपेनिकची सध्याची इमारत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. तेव्हा कोपेनिक स्वतंत्र शहर होते; १९२०मध्ये ते बर्लिनमध्ये विलीन झाले.

१९३३मध्ये काय घडले?

हिटलर सत्तेवर आल्यानंतर फेब्रुवारीत गोरिंगने प्रशियात नाझी पक्षाच्या ‘एसए’ या निमलष्करी दलाला साहाय्यक पोलिसांचा दर्जा दिला. गुंडगिरीला सरकारी शिक्का मिळाला. २१ जूनला कोपेनिकमध्ये धरपकड सुरू झाली. त्या रात्री अंतोन श्माउस या तरुण समाजवादी कार्यकर्त्याने घरात घुसलेल्या एसएच्या लोकांवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर अत्याचारांना धरबंध उरला नाही. सुमारे ५०० विरोधकांना पकडून न्यायालयाच्या तुरुंगात आणि एसएच्या अड्ड्यांवर छळण्यात आले. किमान २३ जण मारले गेले. मेक्लेनबुर्ग-श्वेरिनचे माजी पंतप्रधान योहानेस श्टेलिंग यांचा मृतदेह गोणीत घालून दामे नदीत फेकण्यात आला. ‘कोपेनिकचा रक्तरंजित आठवडा’ तो हाच.

पुढे काय झाले?

याच न्यायालयातील न्यायाधीश रुडोल्फ मान्द्रेला यांना नाझी राजवटीने सप्टेंबर १९४३मध्ये मृत्युदंड दिला. आज न्यायालयासमोरच्या चौकाला त्यांचे नाव आहे. १९४७मध्ये दोस्त राष्ट्रांनी प्रशियाचे राज्य अधिकृतपणे बरखास्त केले. रक्तरंजित आठवड्यातील आरोपींवर १९५०मध्ये पूर्व बर्लिनमध्ये खटला चालला. त्यांपैकी अनेक जण गैरहजर होते.

महत्त्व कशात?

कोपेनिकमध्ये न्यायालय होते, न्यायाधीश होते, कायद्याची पुस्तकेही होती. तरीही कोठडीत कोणाला डांबायचे आणि का, हे विचारण्याचा अधिकार न्यायालयाच्या हातून गेला, तेव्हा त्याच भिंती छळछावणी ठरल्या. न्यायदान इमारतीने होत नाही. सत्तेला जाब विचारता येतो का, यावर ते टिकते.