बसल्या जागी पाइक

इंग्लंडच्या तळ्यांत-नद्यांत राहणारा पाइक हा दबा धरून बसणारा शिकारी मासा. हिवाळ्यात त्याच्यामागे लागलेले अनेक हौशी कृत्रिम आमिष फेकत काठाने खूप चालतात. चालणं जमत नसेल, तर मेलेली तारली किंवा बांगड्याचा तुकडा गळाला लावून एका जागी बसावं. माझ्या मते ही पद्धत मुळीच दुय्यम नाही. रॉड स्टँडवर ठेवायचा. दोर ओढला गेला की स्टँडवरचा अलार्म वाजतो. मग मात्र क्षणभरही थांबू नये. उशीर झाला तर पाइक आमिष गिळतो, गळ आत खोल रुततो आणि मासा दगावण्याची भीती असते. दात इतके धारदार, की गळाजवळ तारच हवी.

खरं अवघड काम गळ काढण्याचं. त्यासाठी वाकावं लागतं, म्हणून जाणता सोबती हवाच. मासा ओल्या गादीवर ठेवून, कल्ल्याच्या झाकणाखाली अलगद बोटं सरकवून जबडा उघडायचा आणि लांब चिमट्याने गळ सोडवून त्याला पाण्यात परत सोडायचं.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी व्हीलीबोट ट्रस्टच्या खास होड्या आहेत. पुढचा दरवाजा खाली पाडला की त्याचाच उतार होतो आणि खुर्ची थेट आत जाते. ब्लू बॅज, म्हणजे अपंगांसाठीचा पार्किंग परवाना, असलेल्यांना मासेमारीच्या परवान्यात सवलतही मिळते.