जेट बोट घेताय? आधी चालवून पाहा

जेट बोटीला पाण्यात लोंबणारा पंखा नसतो. तळातून ओढलेलं पाणी पंप जोरात मागे फेकतो. न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी १९५४ मध्ये ती उथळ नद्यांसाठीच घडवली. १९७७ मध्ये एडमंड हिलरी अशाच बोटींनी गंगेतून नंदप्रयागपर्यंत चढले. म्हणजे भामरागडची पर्लकोटा, सिरोंचाची प्राणहिता या नद्या तिला परक्या नाहीत, अडचण रेतीची.

चाचणी मोकळ्या, सरळ पात्रात घ्या आणि वेगात असताना रेस सोडून बघा. फवारा थांबला की बोट वळतच नाही! डोंग्याची सवय असलेल्याला हे चमत्कारिक वाटेल. नंतर तळाची जाळी तपासा, गवत तिथेच अडकतं. जुन्या बोटीतल्या पंपाची पाती रेतीने झिजलेली दिसली, तर स्वस्तातही घेऊ नका.